लाकूड कोरीवकाम : हत्यारे व लाकडाची निवड

लाकडाच्या फळीवरील किंवा ठोकळ्यातील नको असलेला भाग धारदार हत्याराने काढून टाकून नक्षी, उठावचित्र वा मूर्ती घडविण्याच्या कलेस लाकूड कोरीवकाम अथवा काष्ठोत्कीर्णन म्हणतात. मातीच्या कामात चुकून जास्त निघालेला भाग पुन्हा भरून काढता येतो. लाकडाच्या कामात ही सोय नाही. दगडही एकदा फुटला की सांधत नाही. परंतु लाकडाची अडचण आणखी वेगळी आहे. लाकूड सर्व दिशांना सारख्या गुणांचे नसते. ते एका दिशेने लोण्यासारखे कापले जाते आणि तेच हत्यार उलट दिशेने चालविल्यास उकलते. त्यामुळे या कलेत हत्यार, लाकूड आणि छेदाची दिशा या तीन गोष्टींचा स्वतंत्रपणे विचार करता येत नाही. नवशिक्याच्या हातून पहिले काम बिघडते, त्याचे कारण बहुतेक वेळा हस्तकौशल्याचा अभाव हे नसून बोथट हत्यार, अयोग्य लाकूड किंवा या दोहोंचा न जुळणारा संयोग हे असते. प्रस्तुत नोंदीत नवशिक्याच्या दृष्टीने हत्यारांच्या व लाकडाच्या निवडीचे विवेचन केले आहे.

कामाचे प्रकार : फळीवर केवळ रेषा किंवा त्रिकोणी खाचा पाडून केलेले छेदकाम, पार्श्वभूमी खोल करून आकृती वर ठेवणारे उठावकाम, मधला भाग आरपार काढून केलेले जाळीकाम आणि सर्व बाजूंनी घडविलेली त्रिमित मूर्ती असे कोरीवकामाचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. काश्मीरमधील अक्रोडाच्या लाकडावरील काम, उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे शिसम लाकडावरील काम, कर्नाटकातील गुडिगार कारागिरांचे चंदनावरील सूक्ष्म काम, महाराष्ट्रातील पेशवेकालीन वाड्यांचे सागवानी खांब व तुळया आणि गोव्यातील चर्चमधील सोनेरी मुलाम्याच्या कोरीव वेदी ही भारतातील या कलेची प्रसिद्ध उदाहरणे होत. पुण्यातील विश्रामबाग वाड्याचा (१८०७) दर्शनी भाग आणि त्याच शहरातील राजा दिनकर केळकर संग्रहालयातील कोरीव दारे पाहिल्यास एकाच लाकडात उथळ व खोल काम कसे साधते, याची कल्पना येते. नवशिक्याने आरंभ उथळ उठावकामाने करावा. त्यात पार्श्वभूमी सपाट करणे, कडा उभी कापणे व पृष्ठभागाला गोलाई देणे या तिन्ही मूलभूत क्रियांचा सराव होतो. शिवाय फळी टेबलावर पक्की बसविता येत असल्याने दोन्ही हात हत्यारासाठी मोकळे राहतात.

लाकडाची रचना : लाकूड हे मुख्यतः खोडाच्या उभ्या दिशेने असलेल्या लांबट कोशिकांचे, म्हणजे तंतूंचे बनलेले असते. या तंतूंच्या मांडणीस कण असे म्हणतात. तंतू खोडाच्या अक्षाला समांतर असले, तर ते सरळ कणांचे लाकूड होय. काही वृक्षांत एका थरातील तंतू एका बाजूस व पुढील थरातील तंतू विरुद्ध बाजूस कललेले असतात. अशा कणांस गुंतलेले कण म्हणतात. अशा लाकडात हत्यार कोणत्याही दिशेने चालविले, तरी एखादा पट्टा उकलतोच. आंबा, कडुनिंब व शिसवी यांच्या लाकडात हा दोष कमीअधिक प्रमाणात आढळतो. शिसवीच्या लाकडातील चमकदार पट्टे काही अंशी याच मांडणीमुळे दिसतात. म्हणजे जो गुण डोळ्यांना सुखावतो, तोच नवशिक्याच्या हाताला जाच करतो.

वाहिकांचा व्यास व त्यांची वाटणी यांवरून लाकडाचा पोत ठरतो. वाहिका सूक्ष्म व सर्वत्र सारख्या विखुरलेल्या असल्यास पोत बारीक असतो व त्यावर नाजूक तपशील टिकतो. सागात हंगामाच्या आरंभी मोठ्या आणि नंतर लहान वाहिका तयार होत असल्याने वार्षिक वलये ठळक दिसतात व हत्याराला आळीपाळीने मऊ व कठीण थर लागतात. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांत वाहिका नसतात. तथापि तेथेही वलयातील आरंभीचा थर मऊ व नंतरचा थर कठीण असतो. मालाच्या खोक्यांचे पाइन लाकूड सहज व स्वस्त मिळते, म्हणून नवशिका प्रथम तेच घेतो. परंतु थोड्याशाही बोथट हत्याराखाली त्यातील मऊ थर कापला न जाता चेपतो, तर कठीण थर उभा राहतो. परिणामी कापलेला भाग खडबडीत दिसतो आणि दोष मात्र हाताला दिला जातो.

लाकडाची निवड : आरंभीच्या कामासाठी लाकूड मध्यम मऊ, सरळ कणांचे, बारीक व एकसारख्या पोताचे, गाठी नसलेले आणि वाळलेले असावे. फार मऊ लाकूडही उपयोगाचे नाही. सावरीचे लाकूड वजनाला हलके असते, परंतु त्यात कड तीक्ष्ण राहत नाही. तंतू चुरगळून निघतात. यूरोपात या कामासाठी लिंडन वृक्षाचे लाकूड शतकानुशतके वापरात आहे. जर्मन मूर्तिकार टिलमान रीमेनश्नायडर (सु. १४६०–१५३१) आणि इंग्लंडमध्ये काम केलेला कोरीवकार ग्रिन्लिंग गिबन्झ (१६४८–१७२१) यांच्या फुलापानांच्या व वस्त्रांच्या अतिशय पातळ कडा या लाकडाच्या बारीक व एकजिनसी पोतामुळेच शक्य झाल्या. अमेरिकेत त्याच प्रजातीतील बासवुड वापरतात.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, नवशिक्याला शिवण हे लाकूड सोयीचे आहे. त्याची घनता दर घ. मी. ला सु. ५०० किग्रॅ. असून ते फिकट पिवळसर, वाळल्यावर फारसे न वाकणारे व हत्याराला सुलभ असते. हळदू अथवा हेद या वृक्षाचे पिवळे लाकूड अधिक कठीण, परंतु बारीक पोताचे असून त्यावर स्वच्छ तपशील उठतो. काही सराव झाल्यावर ते घ्यावे. काळ्या कुड्याचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरे व अतिशय बारीक पोताचे असते. कर्नाटकातील चन्नपटण येथील लाखेच्या रंगाची खेळणी याच लाकडाची असतात; ती मात्र कोरलेली नसून कातलेली असतात. आंध्र प्रदेशातील कोंडापल्लीच्या बाहुल्यांसाठी पोनिकी हे हलके लाकूड, तर सावंतवाडीच्या रंगीत फळांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरतात. ही लाकडे रंगाखाली झाकली जाणार असल्याने त्यांच्या रंगरूपापेक्षा हलकेपणाला व कापण्याच्या सुलभतेला महत्त्व असते.

अक्रोडाची घनता दर घ. मी. ला सु. ६४० किग्रॅ. असून त्याचा पोत एकसारखा असतो. काश्मीरमधील कारागीर मुळाजवळचे गडद, खोडाचे मध्यम व फांद्यांचे फिकट लाकूड वेगवेगळ्या कामांसाठी निवडतात. उत्तम परंतु महाग असल्याने ते दुसऱ्या टप्प्यावर घेणे इष्ट. साग (दर घ. मी. ला सु. ६५० किग्रॅ.) टिकाऊपणात अद्वितीय आहे; कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताला बसविलेल्या लाकडी कमानी सु. दोन हजार वर्षे टिकल्या आहेत, यावरून सुरक्षित जागी असलेल्या लाकडाचे आयुष्य किती असू शकते, हे दिसते. तथापि सागात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात व ते धार लवकर घालवितात. शिसवी (सु. ८५० किग्रॅ.) व चंदन (सु. ९०० किग्रॅ.) ही लाकडे कठीण आहेत. चंदनाचा पोत इतका घट्ट असतो, की त्यावर केसाएवढी रेषाही स्पष्ट उमटते; परंतु त्यासाठी हात आधीच तयार झालेला असावा लागतो.

मोडलेल्या जुन्या घरांचे सागवान लाकूड-वखारीत मिळते. ते दीर्घकाळ वाळलेले असल्याने स्थिर असते, हा त्याचा मोठा गुण होय. मात्र त्यात मोडलेले खिळे दडलेले असतात. पृष्ठभागावरील काळसर डाग हे आत लोखंड असल्याचे लक्षण समजावे; लोहचुंबक फिरवून खात्री करून घ्यावी. एक खिळा लागल्यास पटाशीची कित्येक तासांची धार क्षणात जाते.

वाळवण : ओल्या लाकडातील पाणी प्रथम कोशिकांच्या पोकळीतून जाते, तेव्हा लाकूड आकसत नाही. आर्द्रता सु. २८ ते ३० टक्क्यांच्या खाली गेली, की कोशिकांच्या भित्तींतील पाणी कमी होऊ लागते व तेथून आकुंचनास प्रारंभ होतो. वलयांच्या दिशेने होणारे आकुंचन हे केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेतील आकुंचनाच्या जवळजवळ दुप्पट असते. या विषमतेमुळेच अखंड गोल ओंडका वाळताना सालीपासून भेंडापर्यंत तडकतो. म्हणून मूर्तीसाठी भेंड असलेला संपूर्ण ओंडका घेण्याऐवजी तो उभा चिरून भेंड वगळलेला भाग घ्यावा. ओंडक्याच्या टोकांतून पाणी सर्वांत जलद जाते. त्यामुळे टोकांना मेण किंवा तैलरंग लावतात. फळ्या जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून, उन्हापासून दूर व वारा खेळेल अशा जागी रचतात. जाडीच्या दर २·५ सेंमी.ला सु. एक वर्ष, असा हवेत वाळविण्याचा रूढ ठोकताळा आहे.

कोरीवकामाचे लाकूड साधारणतः १२ ते १५ टक्के आर्द्रतेचे असावे. कोकणात पावसाळ्यात हे प्रमाण आपोआप वाढते, म्हणून तेथील काम कोरड्या प्रदेशात नेल्यावर त्यात चिरा पडण्याचा संभव असतो. आर्द्रतेची टक्केवारी शुष्क वजनाच्या संदर्भात काढतात, उदा., ५७५ ग्रॅ. वजनाचा तुकडा भट्टीत पूर्ण वाळविल्यावर ५०० ग्रॅ. भरला, तर आर्द्रता १५ टक्के होय. मापक नसल्यास तुकडा दर आठवड्यास तोलावा; वजन घटणे थांबले, की लाकूड त्या स्थळाच्या हवेशी जुळले असे समजावे. आंब्यासारख्या लाकडात सालीलगतच्या रसकाष्ठात पिष्टमय पदार्थ असल्याने भुंगेऱ्यांची कीड लागते. बारीक छिद्रे व त्यांतून गळणारी पिठासारखी पूड दिसल्यास ते लाकूड घेऊ नये.

हत्यारे : कोरीवकामाची हत्यारे सुतारी हत्यारांहून भिन्न असतात. सुतारी पटाशीला एकाच बाजूस उतार असतो. कोरीवकामाच्या सरळ पटाशीला बहुधा दोन्ही बाजूंस उतार देतात. सर्वांत महत्त्वाचे हत्यार म्हणजे पन्हळीसारखे पाते असलेली गोल पटाशी. तिची दोन मापे असतात : पात्याची रुंदी आणि वक्रता. इंग्लंडमधील शेफील्डच्या उत्पादकांनी रूढ केलेल्या क्रमांकांनुसार क्रमांक ३ चे पाते जवळजवळ सपाट, ५ ते ७ चे मध्यम वक्र, ९ चे सु. अर्धवर्तुळाकार आणि ११ चे खोल, इंग्रजी यू अक्षरासारखे असते. क्रमांक जितका मोठा, तितका छेद खोल व अरुंद. इतर देशांतील उत्पादकांच्या क्रमांकांत थोडा फरक आढळतो. म्हणून केवळ क्रमांकावर विसंबून न राहता धारेचा ठसा कागदावर उमटवून वक्रता पडताळावी. रेषा खणण्यासाठी त्रिकोणी पटाशी व कोपऱ्यांसाठी तिरकी पटाशी वापरतात. खोलगट भागासाठी वाकड्या मानेची हत्यारे असतात. आरंभी त्यांची गरज नसते.

बाजारात बारा किंवा अधिक हत्यारांचे स्वस्त संच मिळतात. त्यांतील पोलाद पुष्कळदा मऊ असते आणि निम्म्याहून अधिक आकार वर्षभर पेटीतच राहतात. त्याऐवजी पुढील सहा हत्यारे चांगल्या पोलादाची घ्यावीत : १२ ते १८ मिमी. रुंदीची क्रमांक ३ ची गोल पटाशी, १२ मिमी. रुंदीची क्रमांक ५ ची. ८ ते १० मिमी. रुंदीची क्रमांक ७ किंवा ८ ची, ३ मिमी. रुंदीची क्रमांक ११ ची, ६ मिमी. रुंदीची त्रिकोणी पटाशी आणि सु. ४ सेंमी. पात्याचा एक आखूड चाकू. संचावर वाचलेला पैसा धार लावण्याच्या दगडांवर खर्च करणे अधिक फलदायी ठरते.

या हत्यारांचे पोलाद साधारणतः ०·७ ते १ टक्का कार्बनयुक्त असून पाणी दिल्यावर त्याची कठिनता रॉकवेल सी मापनात सु. ५८ ते ६१ असते. कठिनता कमी असल्यास धार वळते, जास्त असल्यास तिचे टवके उडतात. अनेक पारंपरिक कारागीर लोहाराकडून जुन्या कानशींच्या पोलादाची हत्यारे घडवून घेतात. असे हत्यार उत्तम ठरू शकते. पाणी नीट बसले आहे, की नाही हे कठीण लाकडावर वीस-पंचवीस छेद घेऊन धार तपासल्यास कळते. मूठ हाताच्या पंजात मावेल अशी, शक्यतो अष्टकोनी असावी. ती टेबलावरून घरंगळत नाही. ठोकण्यासाठी लोखंडी हातोडी न वापरता सु. ४०० ते ५०० ग्रॅ. वजनाची गोल लाकडी मोगरी वापरावी. काम धरण्यासाठी शेगडा किंवा पकडीचे दोन चाप आवश्यक असतात.

धार : नवीन हत्यार बहुधा कामाला तयार नसते, त्याला प्रथम धार लावावी लागते. मऊ लाकडासाठी पात्याचा धारकोन सु. २०° व कठीण लाकडासाठी २५° किंवा किंचित अधिक ठेवतात. कोन लहान असल्यास हत्यार सहज शिरते, परंतु धार नाजूक होते. एकाच पटाशीने शिवण व शिसवी ही दोन्ही लाकडे सारख्या सहजतेने कापली जात नाहीत, याचे हे एक कारण होय. प्रथम मध्यम व नंतर बारीक दगडावर उतार घासतात. गोल पटाशी घासताना मनगट वळवून धारेचा प्रत्येक बिंदू दगडाला टेकवावा लागतो. धारेच्या आतील बाजूस सूक्ष्म कोर वळल्याचे बोटाला जाणवले, की बाहेरील घासणे पूर्ण झाले असे समजावे. ती कोर गोल कडेच्या लहान दगडाने काढतात व शेवटी पॉलिशची पूड लावलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ओढून चकचकीत करतात.

विजेच्या सहाणेवर घासताना पाते तापू देऊ नये. पोलादावर सु. २२०° ते २४०° से. तापमानास फिकट पिवळी आणि सु. ३००° से. च्या आसपास निळी छटा येते. निळी छटा आलेल्या भागाची कठिनता गेलेली असते. तो भाग घासून काढण्याखेरीज उपाय नसतो. म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवावे.

धार उजेडाकडे धरून पाहावी. जेथे पांढरी रेषा वा ठिपका चमकतो, तेथे धार बोथट असते. तीक्ष्ण धार दिसतच नाही. निर्णायक कसोटी मात्र लाकडावरच होते. मऊ लाकडावर कणांच्या आडव्या दिशेने छेद घ्यावा. छेदाचा तळ गुळगुळीत व चमकदार असला, तर धार योग्य. त्यात पांढुरका ओरखडा दिसला, तर धारेत त्या ठिकाणी खाच आहे. काम चालू असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी चामड्याचा पट्टा वापरल्यास दगडाची गरज क्वचित पडते.

पहिले काम : सु. १५ × १० × २·५ सेंमी. मापाची शिवणीची फळी घेऊन तिच्यावर एकच मोठे पान रेखाटावे. पानाची लांबी कणांच्या दिशेत ठेवावी. देठासारखा अरुंद भाग कणांना आडवा आला, तर तो हमखास तुटतो. कोरण्यापूर्वी फळीच्या कडेला एका दिशेने व नंतर उलट दिशेने एकेक पातळ छिलका काढून पाहावा. जिकडे छिलका अखंड निघतो ती योग्य दिशा; जिकडे हत्यार आपोआप खोल शिरू लागते ती उलट दिशा. वक्र आकृतीच्या एका बाजूस योग्य असलेली दिशा दुसऱ्या बाजूस उलट ठरते, हे नवशिक्याने प्रथम शिकावयाचे असते.

त्रिकोणी पटाशीने बाह्यरेषेच्या सु. २ मिमी. बाहेरून खाच पाडतात. नंतर आकृतीच्या कडेशी वक्रता जुळणारी गोल पटाशी उभी धरून मोगरीने हलके ठोकतात व बाहेरील लाकूड त्या उभ्या छेदापर्यंत काढतात. हे दोन टप्पे आळीपाळीने करीत पार्श्वभूमी ५ ते ६ मिमी. खोल करतात. उभा छेद एकदम खोल घेतल्यास पार्श्वभूमीवर त्याचे व्रण कायमचे राहतात. शेवटी क्रमांक ३ च्या पटाशीने पार्श्वभूमी सपाट करून पानाला गोलाई देतात. कडेखालील भाग पोखरणे ही अखेरची क्रिया होय. ती आधी केल्यास आधार गेलेली कड पुढील ठोक्याने निसटते. पॉलिश कागदाचा वापर शक्यतो टाळावा. त्याचे कण लाकडात अडकून पुढे हत्याराची धार घालवितात, तसेच तीक्ष्ण छेदांनी आलेला उठाव मवाळ होतो.

सुरक्षितता व कायदा : दोन्ही हात नेहमी धारेच्या मागे असावेत आणि काम पक्के आवळलेले असावे, एका हातात काम व दुसऱ्या हातात पटाशी धरल्यानेच बहुतेक जखमा होतात. बोथट हत्यार अधिक धोकादायक असते, कारण त्याला जास्त जोर द्यावा लागतो व ते निसटल्यावर आवरत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत गणना केली. हातहत्यारांनी निघणाऱ्या छिलक्यांपासून हा धोका अल्प असतो. घासकाम व यंत्रकाम करताना मात्र मुखपट्टी व धूळ ओढून घेण्याची सोय आवश्यक आहे. शिसवीवर्गीय लाकडांच्या धुळीने काहींच्या त्वचेला पुरळही येतो.

लाकूड कोठून आले, हेही कारागिराने जाणून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे विनियमन करणाऱ्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत साग, चंदन, आंबा व फणस यांसारखे वृक्ष आहेत. शिसवी व शिसम ज्या प्रजातीत मोडतात, त्या डॅल्बर्जिया प्रजातीतील जातींचा २०१७ पासून संकटग्रस्त वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या परिशिष्टांत समावेश आहे. यामुळे अशा लाकडाच्या कोरीव वस्तूंच्या निर्यातीवर बंधने आली. शिसवीचा वृक्ष जाड होण्यास अनेक दशके लागतात. सरावातील चुकांसाठी तो खर्ची घालणे योग्य नव्हे. शिवण मात्र जलद वाढणारा व लागवडीत सहज येणारा वृक्ष आहे. नवशिक्याच्या हाताला जे लाकूड सुलभ, तेच वनालाही कमी भाराचे ठरते, हा या निवडीचा आणखी एक लाभ होय.